वसुधा जिन्यावरून का पडली?

पत्र मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते.

"ताई, मी ३६ वर्षांची, धायरीत राहते, बँकेत आहे. मागच्या ऑगस्टमध्ये नवले पुलाच्या उतारावर माझ्या स्कूटरला मागून ट्रकने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, दोन ऑपरेशनं, आठ महिने घरात. आता काठीशिवाय चालते. ॲक्सिडेंटच्या आधी माझ्या कादंबरीची अकरा प्रकरणं झाली होती. नायिका वसुधा, सदाशिव पेठेत एका वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर एमपीएससीच्या मुलांसाठी मेस चालवते, तोंडाने फटकळ, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढणारी. पुन्हा लिहायला बसले तर बाराव्या प्रकरणात वसुधा जिन्यावरून पडली, तेराव्यात तिच्या भावाचा ॲक्सिडेंट, चौदाव्यात समोरच्या काकूंचं ऑपरेशन. आणि सगळे एकमेकांशी इतके गोड वागतायत की माझं मलाच वाचवत नाही. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, तुझ्या मेसचं हॉस्पिटल झालंय. मला वाटायचं एवढं सोसल्यावर लिखाण खोल होईल, झालं उलटंच. ॲक्सिडेंट एकदा लिहून मोकळी होऊ का? पण तो मला आठवतच नाही, फक्त पिशवीतली मोसंबी रस्त्यावर घरंगळताना आठवतात. आणि एक व्हीलचेअरवरचं पात्र डोक्यात आहे, पण माझा पाय तर बरा झाला, मग मला ते लिहायचा हक्क आहे का?"

अगं, वयाने धाकटी आहेस म्हणून अगं-तुगंच करते, चालवून घे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले. ते वाक्य ट्रकचं नाही, रॉडचं नाही, मोसंब्यांचं पण नाही. "सगळे एकमेकांशी इतके गोड वागतायत", हे. ग्रुपमधल्या त्या माणसाला पडापडी दिसली, कारण पडापडी चटकन दिसते. ती काढून टाकणं सोपं आहे, तीन प्रकरणं बाजूला ठेव आणि बाराव्यापासून पुन्हा सुरू कर, झालं. पण वसुधा ओरडायची का थांबली हे शोधल्याशिवाय नवीन बारावं प्रकरणसुद्धा असंच गुळमट होणार.

मला वाटतं, आठ महिने तू स्वतः कुणावर ओरडली नाहीयेस.

पत्रात तू लिहिलंयस की सासूबाईंनी सगळं केलं, अगदी बेडपॅनसकट, नवऱ्याने वर्क फ्रॉम होम घेतलं, बहीण नाशिकहून दर शनिवारी यायची, आणि प्रत्येक ओळीनंतर "खूप केलं हो सगळ्यांनी". केलंच असणार, मी नाही म्हणत नाही. पण जी बाई आपलं बेडपॅन उचलते तिच्यावर चिडता येत नाही, मनातल्या मनातही येत नाही, तिने आमटीत मीठ जास्त घातलं तरी नाही आणि ती पाहुण्यांना आपल्यासमोरच आपल्या पायाचं पूर्ण रामायण ऐकवते तेव्हाही नाही. आपण शहाणा पेशंट होतो. हसतो, थँक्यू म्हणतो, "नको नको, मी ठीक आहे" म्हणतो. आठ महिने हेच केलेली बाई लिहायला बसली की तिची पात्रंसुद्धा शहाणी पेशंट होतात, मग ती पडलेली असोत नाहीतर धडधाकट असोत.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. १९९४ मध्ये टिळक रोडवर मला टेंपोने उडवलं होतं. खुब्याचं हाड. तेव्हा सहा आठवडे पायाला वजनं टांगून मी उताणी पडलेली होते, कूस बदलायची सोय नाही. खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल, स्टुलावर पाण्याचं तांब्या-भांडं. माझा हात पूर्ण ताणला तर बोटाचं टोक भांड्याच्या कडेला लागायचं, बस तेवढंच, भांडं धरता यायचं नाही. कुणीतरी झाडून काढताना स्टूल वीतभर सरकवलेलं असायचं, मुद्दाम नव्हे. तर ते परत जवळ आणून द्या हे मी दिवसातून किती वेळा सांगायचं याचं माझं एक गणित होतं. वहिनी आत्ता कुकर लावतेय, आत्ता नको. आत्ता पोरांचा अभ्यास घेतेय, आवाज चढलाय, आत्ता तर नकोच. दादाला सांगितलं तर तो तिलाच हाक मारणार. आणि पाणी प्यायलं की पुढे बेडपॅन मागावं लागणार, म्हणून मी पाणीच कमी प्यायला लागले. एप्रिल महिना, पुण्याचा उन्हाळा, ओठ फुटलेले, आणि मी वहिनीच्या पावलांच्या आवाजावरून तिचा मूड ओळखत पडलेली. चप्पल घासत आली तर थकलेली आहे, टाचा आपटत आली तर काहीतरी बिनसलंय. सहा आठवड्यांत मी त्या एका माणसाची चाल जितकी शिकले तितकी मी आयुष्यात कुणाची शिकले नाही.

बरी झाल्यावर मी पण तुझ्यासारखंच ॲक्सिडेंटवर लिहायचा प्रयत्न केला. टेंपो, ब्रेकचा आवाज, रक्त, सगळं घातलं. सगळं खोटं वाटत होतं. सोडून दिलं. मग सहा-सात वर्षांनी एक कथा लिहिली, तिच्यात रिटायरमेंटला आलेले एक हेडक्लार्क आहेत, ऑफिसात त्यांना चहा हवा असतो पण ते शिपायाला सांगत नाहीत, आधी तो कपबश्या कशा ठेवतोय ते ऐकतात, मग ठरवतात की आज नको, मग उद्या, आणि असं करत करत शेवटचे दोन महिने ते ऑफिसात चहाच पीत नाहीत. अख्ख्या कथेत कुणाला साधं खरचटतसुद्धा नाही. कथा दिवाळी अंकात आली आणि वहिनीने वाचून फोन केला. म्हणाली, अगं ही तर तू आहेस, तेव्हा खाटेवर होतीस ती. मला खरंच तोपर्यंत कळलं नव्हतं. मी गप्प. मग ती म्हणाली, "आणि तो शिपाई मी." मी काहीतरी सारवासारव करायला लागले तर म्हणाली, "राहू दे गं. मला पण तेव्हा कंटाळा यायचा. पण सांगणार कुणाला?"

त्या फोननंतर मी माणसं वेगळी लिहायला लागले, हे आज मागे वळून बघताना कळतं. करणारी माणसं चांगली असतात आणि कंटाळतात, आणि ज्याच्यासाठी करतात तो ऋणी असतो आणि आतून धुसफुसत असतो, हे दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी चाललेलं असतं. दुखापतीने लेखकाला काय मिळतं असं विचारशील तर मी हे सांगेन. दुखणं किती दुखतं ते नाही, दुखणं सगळ्यांना ठाऊक असतं. कुणाकडे मागावं लागणं म्हणजे काय, मागायच्या आधी समोरच्याचा चेहरा वाचणं म्हणजे काय, आणि देणाऱ्याचा हात कुठल्या दिवशी जड होतो, हे तुला आता आतून माहितेय. आणि हे वसुधाच्या मेसमध्ये जागोजाग आहे, बघ ना! ती पोरं गावाकडून आलेली, बापाने शेत गहाण ठेवून पाठवलेली, दोनदा प्रीलिम नापास झालेली, तिसरी पोळी मागायची की नाही याचा विचार करत ताटाकडे बघत बसलेली. त्यांच्यातल्या कुणालाही ट्रकने उडवायची गरज नाहीये. त्या पोराच्या पोळीत तुझे आठ महिने घाल.

पण त्याआधी एक काम कर. एक वही घे, लॅपटॉपवर नको, घरात सगळ्यांना तुझा पासवर्ड माहीत असणार. त्या वहीत आठ महिन्यांतले सगळे राग लिही. सासूबाई काय म्हणाल्या, नवऱ्याने मीटिंगमध्ये असताना हाताने "थांब" अशी खूण केली ते, बहीण येऊन तुझ्याच खाटेवर झोपायची ते, "नशीब समज, डोक्यावर नाही बेतलं" म्हणणारे सगळे. न्याय करू नकोस, "पण त्यांनी केलं पण खूप" ही ओळ लिहायला बंदी. हे कथेसाठी नाहीये, कुणाला दाखवायचं नाही, कुलपात ठेव. मला वाटतं चार-पाच दिवसांत वसुधाचा आवाज परत यायला लागेल. ती मुळात फटकळ आहे म्हणूनच तू तिला निर्माण केलीस.

आता ॲक्सिडेंट लिहायचा का.

आठवत नसेल तर लिहू नकोस. डोक्याला मार बसला, शुद्ध गेली की त्या मिनिटांची आठवण मेंदूत बऱ्याचदा साठतच नाही, ती लपलेली नसते, ती नसतेच. मग माणूस ती जागा सिनेमात पाहिलेल्या ॲक्सिडेंटने भरतो, स्लो मोशन, काचा, आभाळ गरगर. मी पण तेच केलं होतं. तुझ्याकडे मोसंबी आहेत ना, खऱ्या आठवणीतली, घरंगळणारी? तेवढीच ठेव. अमेरिकन लेखक हेमिंग्वे पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या जुलैमध्ये, इटलीच्या आघाडीवर तोफगोळ्याने जखमी झाला, एकोणीस पण पूर्ण नव्हता, सैनिकांना चॉकलेट-सिगारेटी वाटायला गेलेला. अकरा वर्षांनी, १९२९ च्या कादंबरीत त्याने नायकाला तशीच जखम दिली, पण गोळा पडतो तेव्हा नायक आणि त्याचे ड्रायव्हर बसून मॅकरोनी आणि चीज खातायत. पुढे मित्र विचारतो की काही शौर्य गाजवलंस का, पदक मिळवून देतो, तर तो सांगतो की आम्ही चीज खात होतो. मला ते चीज तुझ्या मोसंब्यांच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. मोठी गोष्ट घडते तेव्हा हातात काहीतरी खायचंच असतं.

आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस. हा मला हेमिंग्वेपेक्षाही जवळचा वाटतो. ७ ऑक्टोबर १५७१ ला लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याला छातीत दोन आणि डाव्या हातावर एक अशा गोळ्या लागल्या, हात कायमचा निकामी झाला. त्याच्या 'डॉन किहोते' कादंबरीचा पहिला भाग आला १६०५ मध्ये, चौतीस वर्षांनी. त्याच्या नायकाचे दोन्ही हात शाबूत आहेत! लेपांतोची लढाई त्याने मधल्याच एका कैद्याच्या गोष्टीत घालून टाकली, एका दुय्यम पात्राला देऊन टाकली. पण अख्खं पुस्तक मार खाणाऱ्या शरीराने भरलेलं आहे. मेंढ्यांच्या कळपाला सैन्य समजून किहोते घुसतो, धनगर दगडं मारतात, दात पडतात. मग तो आपल्या सेवकाला, सांचोला, म्हणतो, बोट घाल माझ्या तोंडात आणि किती उरलेत ते बघ. सांचो चाचपतो आणि सांगतो, खाली अडीच दाढा आहेत, वर काहीच नाही, तळहातासारखं गुळगुळीत आहे. एक माणूस दुसऱ्याच्या तोंडात बोट घालून दात मोजतोय, आणि दुसरा तोंड उघडून निमूट बसलाय. हे ज्याने लिहिलं त्याचं शरीर कधीतरी परक्या हातांच्या ताब्यात होतं असं मला प्रत्येक वेळी वाटतं. हा माझा तर्क आहे, पण तू पण आठ महिने तिथेच होतीस, तू वाच आणि सांग तुला काय वाटतं.

वसुधाच्या जिन्याचं आता. तू म्हणतेस तो जिना तुला लिहिताच येत नाही, हात थांबतो. अकराव्या प्रकरणापर्यंत तू लिहायचीस "वसुधा धडाधड जिना उतरली", एक क्रियापद आणि ती खाली. तुला आता तेवढ्याने भागणार नाही आणि ते चांगलं आहे. फिजिओने तुला शिकवलं असेलच, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरणं चढण्यापेक्षा अवघड हे धडधाकट माणसाला ठाऊक नसतं. गुडघा नव्वद डिग्री वाकला तर खुर्चीवर बसता येतं आणि मांडी घालायला त्याहून खूप जास्त लागतं, हे तुला गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून रोज मोजलेल्या आकड्यांतून पाठ झालंय. हे सगळं वसुधाला द्यायचं, पण तिला न पाडता. वाड्याचा जिना अंधारा, उभा, मधे धरायला दोरी. तिच्या दोन्ही हातांत आमटीचं पातेलं असतं तेव्हा ती दोरी कशी धरणार? ती कोपर भिंतीला घासत उतरते, भिंतीचा तेवढा पट्टा तेलकट झालाय. चौथी पायरी हलते हे तिची टाच ओळखते. ती आजही दोन-दोन पायऱ्या गाळत चढतेच, फक्त आता ती कुठल्या दोन गाळते हे तुला माहितेय. असं लिहिलंस तर तिच्या धावण्यात तुझं न धावणं येईल आणि कुणाला दिसणार नाही. मला तरी हे हॉस्पिटलच्या तीन प्रकरणांपेक्षा मोठं वाटतं.

व्हीलचेअरवरच्या पात्राबद्दल तुझा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सरळ उत्तर देते. हक्क आहे, पण तुझ्या आठ महिन्यांच्या भांडवलावर नाही. तुझ्या दिवसांना शेवट होता, एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसत होतं, डॉक्टर तारीख सांगत होते. ज्याच्या मज्जारज्जूला इजा झालीय त्याचा काळ वेगळा चालतो. तू वाट बघत होतीस, त्याला वाट बघण्याची गोष्टच नसते, त्याला आजचा दिवस लावायचा असतो. हे शिकायला पुण्याइतकं जवळ गाव नाही. वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून, मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या जवानांसाठी. रीतसर परवानगी काढून जा, वही न काढता बस, कुणी बोललं तर ऐक, नाही बोललं तर परत ये. आणि "कसं झालं?" हा प्रश्न विचारू नकोस, तुला तो किती जणांनी विचारला ते आठव.

एक उदाहरण सारखं डोक्यात येतं. मुरलीकांत पेटकर, सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. आपण गोष्ट सांगताना गोळी आणि पदक शेजारी-शेजारी ठेवतो, एका श्वासात. मधे सात वर्षं आहेत. सात वर्षांतल्या सकाळी, टॉवेल कुठे ठेवलाय, पाण्यात पहिल्यांदा उतरताना कुणी धरलं असेल, ते आपण गाळतो. तुझं पात्र त्या गाळलेल्या वर्षांतून लिही, पदक तिला मिळो न मिळो. आणि तिला स्वभाव दे, कंजूष असू दे, आगाऊ असू दे, वसुधाशी बिलावरून भांडू दे. दुखणाऱ्या माणसांना आपण लेखक लोक फार पटकन संत करतो, आणि संताला मेसमध्ये कुणी "पोळी कच्ची आहे" असं म्हणू देत नाही.

शेवटी एक, जे तू पत्रात एका ओळीत घालून पुढे निघून गेलीस. "अजून मागून हॉर्न वाजला की हात थंड पडतात आणि त्या उताराने मी जातच नाही, बँकेत जायला लांबून वळसा घेते." अगं, वर्ष होत आलं. हे कादंबरीने बरं होणार नाही, लिहिण्याकडून ती अपेक्षा ठेवू नकोस, लिहिण्यावर पण अन्याय होतो आणि तुझ्यावर पण. सायकिॲट्रिस्टकडे जा, किंवा ट्रॉमावर काम करणाऱ्या चांगल्या काउन्सेलरकडे. यावर उपचार असतात आणि लोकांना त्याचा उपयोग होतो. पायाला फिजिओ लावलास तेव्हा कुणी म्हणालं नाही की कथा लिही, पाय वाकेल. मी ९४ मध्ये गेले नाही, तेव्हा घरात कुणाला सुचलंच नाही, आणि मी टिळक रोड ओलांडताना कितीतरी वर्षं अनोळखी माणसाची बाही धरायचे. तू तेवढी वर्षं घालवू नकोस. या आठवड्यातच अपॉइंटमेंट घे.

मग बाराव्या प्रकरणाला बस. वरच्या खोलीतल्या त्या कोपऱ्यातल्या पोराचं तीन महिन्यांचं बिल थकलंय, हे तूच सातव्या प्रकरणात लिहून ठेवलंयस असं पत्रात म्हणतेस, आणि त्यानंतर वसुधा त्याला एक शब्द बोललेली नाहीये. जिन्याच्या खाली उभी कर तिला, आमटीचं पातेलं हातात, आणि वरच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते पैसे मागू दे. तो वरून काय उत्तर देतो ते मला पाठव.

तुझी,
ताई